लाल वाइनवरची अमेरिकी श्रद्धा का ढळली?

‘गॅलप’ ही जनमत चाचणी घेणारी संस्था अमेरिकी नागरिकांना 1939 पासून एक साधा प्रश्न विचारत आली आहे : आपण मद्य घेता का? 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात 71 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले होते. 2023 मध्ये हे प्रमाण 62 टक्के होते, 2024 मध्ये 58 आणि ऑगस्ट 2025 मध्ये 54. या चाचणीच्या साऱ्या इतिहासातला हा नीचांक आहे.

याच पाहणीतला दुसरा आकडा डॉक्टर म्हणून मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रोज एक-दोन पेग, म्हणजे ज्याला आपण ‘माफक’ म्हणतो तेवढे पिणेही तब्येतीला वाईट, असे मानणारे 2018 मध्ये 28 टक्के होते. 2025 मध्ये ते 53 टक्के झाले. सात वर्षांत एवढे मतपरिवर्तन सहजासहजी होत नाही. ते कसे झाले हे समजून घ्यायचे तर अमेरिकेचा पेला गेल्या शंभर वर्षांत कसकसा बदलत गेला, हे पाहावे लागेल. या बदलात चवीचा वाटा आहे, व्यापाराचा आहे, आणि आम्हा वैद्यक मंडळींचाही आहे.

दारूबंदी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

अमेरिकेत 1920 ते 1933 अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी होती. गंमत अशी की, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1917 मध्ये औषध म्हणून मद्याला शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला होता. तरीही बंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की कायदेशीरपणे मिळत असे आणि अशा चिठ्ठ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या. ‘औषध म्हणून थोडीशी’ हे वाक्य किती जुने आहे, हे यावरून कळावे.

5 डिसेंबर 1933 रोजी बंदी उठली, पण तोवर चांगली वाइन आणि बिअर करणाऱ्यांची घडी विस्कटली होती. पुढची तीसेक वर्षे अमेरिकेत वाइन म्हणजे मुख्यत्वे गोड आणि वरून मद्यार्क घालून कडक केलेली वाइन. जेवणासोबत घेतली जाणारी साधी, कोरड्या चवीची वाइन खपात तिच्या पुढे गेली ती 1960च्या दशकाच्या अखेरीस. बिअरची गत वेगळी नव्हती. मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळले. सातूच्या जोडीला मका किंवा तांदूळ वापरून केलेली फिकट, सौम्य, सगळीकडे सारख्याच चवीची लागर देशभर पसरली. 1970च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या मोठ्या देशात शंभरपेक्षाही कमी ब्रुअरी उरल्या होत्या.

‘लाइट’ म्हणजे नेमके काय?

याच काळात वजनाची चिंता बिअरपर्यंत पोहोचली. जोसेफ ओवेड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या राइनगोल्ड कंपनीसाठी कमी कॅलरीची बिअर बनवली. सातूतल्या पिष्टमय पदार्थांचा काही भाग यीस्टला पचत नाही. तो बिअरमध्ये तसाच राहतो आणि कॅलरी वाढवतो. ओवेड्स यांनी एक एन्झाइम घालून हा उरलेला भाग साखरेत मोडला. यीस्टने ती साखर खाऊन टाकली. ती पहिली ‘डाएट बिअर’ काही चालली नाही. पण 1975 मध्ये ‘मिलर लाइट’ देशभर आली आणि तिने बाजार बदलून टाकला.

आता थोडा हिशेब करू. अमेरिकेत 355 मिलिलिटरच्या नेहमीच्या बिअरमध्ये साधारण 150 कॅलरी असतात, ‘लाइट’मध्ये शंभराच्या आसपास. शुद्ध मद्यार्काच्या एका ग्रॅममधून 7 कॅलरी मिळतात. 4.2 टक्के मद्यार्काच्या लाइट बिअरच्या कॅनमध्ये सुमारे 12 ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे 80हून अधिक कॅलरी एकट्या मद्यार्काच्या. कमी झाला तो मुख्यतः पिष्टाचा भाग. यकृताला ज्याच्याशी झुंजायचे असते तो मद्यार्क पाच टक्क्यांवरून चारवर आला, इतकेच. ‘लाइट’ हा शब्द पोटाच्या घेरासाठी होता. लोकांनी तो यकृतालाही लागू आहे असे समजून घेतले.

वीस मिनिटांहून कमी आणि एक विरोधाभास

वाइनचे दिवस पालटले ते दोन घटनांनी. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांसमोर नावे झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची वाइन. अमेरिकी माणसाला आपल्या मातीतल्या वाइनचा अभिमान वाटू लागला.

दुसरी घटना आमच्या क्षेत्रातली. नोव्हेंबर 1991 मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात ‘फ्रेंच विरोधाभास’ या विषयावर एक छोटा वृत्तांत दाखवला गेला. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अमेरिकनांपेक्षा कमी, हे कसे? बोर्डोचे संशोधक सर्ज रेनो यांनी त्याचे श्रेय मद्याच्या माफक सेवनाला दिले आणि निवेदक मॉर्ली सेफर यांनी लाल वाइनचा पेला कॅमेऱ्यासमोर धरला. त्यानंतरच्या वर्षभरात अमेरिकेत लाल वाइनची विक्री सुमारे 44 टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले जाते. 1992 मध्ये गॅलपच्या पाहणीत पिणाऱ्यांपैकी 47 टक्के लोकांची पसंती बिअरला आणि 27 टक्के लोकांची वाइनला होती. 2005 मध्ये वाइनने 39 विरुद्ध 36 टक्के अशी बिअरवर मात केली. पेला बदलण्याचे मोठे कारण ‘हृदयाला चांगली’ हा समज होता.

हा समज निराधार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ऑकलंडचे हृदयरोगतज्ज्ञ आर्थर क्लॅट्स्की यांनी 1974 मध्येच असे दाखवले होते की, अजिबात न पिणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके थोडे अधिक दिसतात. पुढे अशा अनेक पाहण्या झाल्या. मग बिनसले कुठे?

न पिणारा का पीत नाही?

1988 मध्ये ब्रिटनमधील प्रा. शेपर यांनी एक साधा मुद्दा मांडला. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात कोण असते? त्यात जन्मभर न प्यायलेले असतात, तसेच तब्येत बिघडली म्हणून सोडलेलेही असतात. यकृताचा आजार झाला, रक्तदाब वाढला, मधुमेह निघाला, म्हणून डॉक्टरने बंद करायला लावली असे लोक ‘न पिणारे’ म्हणून मोजले, तर तो गट आजारी दिसणारच. त्यांच्या तुलनेत रोज एक पेला घेणारा ठणठणीत वाटतो. शिवाय जेवणासोबत वाइन घेणारा अमेरिकी माणूस बहुधा शिकलेला, बऱ्या उत्पन्नाचा, भाज्या-फळे खाणारा आणि चालायला जाणारा असतो. त्याच्या तब्येतीचे श्रेय पेल्याला मिळत गेले.

ही गुंतागुंत सोडवायला अनुवंशशास्त्र मदतीला आले. मद्यार्क शरीरात गेला की त्याचे आधी अॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग एका दुसऱ्या एन्झाइममुळे ते निष्प्रभ होते. पूर्व आशियातील अनेकांत हे दुसरे एन्झाइम जन्मतःच दुबळे असते. थोडीशी प्यायली तरी चेहरा लाल होतो, धडधडते. म्हणून ते कमी पितात. म्हणजे कोण किती पिणार याचा कौल काही अंशी निसर्गानेच दिलेला असतो; त्यात उत्पन्न किंवा आजारपण लुडबुड करत नाही. चीनमधील सुमारे पाच लाख प्रौढांवरील दीर्घकालीन प्रकल्पातून 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. जनुकांच्या आधारे पाहिले तर मद्याच्या प्रमाणासोबत पक्षाघाताचा धोका वाढतच जात होता. माफक पिण्याने मिळणारे संरक्षण दिसेनासे झाले होते.

खरे तर हजारो लोकांवर थेट प्रयोग करून हा वाद मिटवायचा बेत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आखला होता. पण त्याचा बहुतांश खर्च मद्य कंपन्यांकडून येणार होता आणि तो मिळवताना अधिकाऱ्यांनी नियम धाब्यावर बसवल्याचे उघड झाल्यावर जून 2018 मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला.

लाल द्राक्षांच्या सालीतल्या ‘रेझवेराट्रॉल’चाही बराच गाजावाजा झाला होता. उंदरांना ते लाभले हे खरे, पण वाइनच्या लिटरमागे ते काही मिलिग्रॅमच असते. उंदरांना दिलेल्या मात्रेशी बरोबरी करायची तर माणसाला दिवसाला शेकडो बाटल्या रिचवाव्या लागतील.

पेला कोणताही, रेणू तोच

हृदयाचा फायदा असा विरत असताना कर्करोगाची बाजू मात्र भक्कम होत गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले होते. अॅसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएला इजा करते. मद्यामुळे स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनची पातळी वाढते, म्हणून स्तनाच्या कर्करोगाशी त्याचे नाते विशेष जवळचे आहे.

3 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, भारतीय वंशाचे डॉ. विवेक मूर्ती यांनी याबाबत जाहीर सूचना काढली. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन अशा किमान सात कर्करोगांचा त्यात उल्लेख आहे. अमेरिकेत वर्षाला सुमारे एक लाख कर्करोग आणि 20 हजार कर्करोग-मृत्यू मद्याशी निगडित आहेत. त्यातली एक तुलना मी रुग्णांना सांगतो. आठवड्याला एकापेक्षा कमी पेला घेणाऱ्या 100 स्त्रियांपैकी जन्मभरात सुमारे 17 जणींना मद्याशी संबंधित कर्करोग होतो. रोज एक पेला घेणाऱ्यांत 19 जणींना, आणि रोज दोन घेणाऱ्यांत 22 जणींना. दोन पेल्यांमागे शंभरात पाच जणी वाढतात. घाबरून जावे एवढे हे मोठे नाही, पण ‘तब्येतीसाठी घेतो’ म्हणावे एवढे छोटेही नाही.

नवी पिढी, नवे पेले

आज अमेरिकेत 18 ते 34 वयोगटातील निम्मेच लोक मद्य घेतात. 2023 मध्ये हे प्रमाण 59 टक्के होते. दरम्यानच्या काळात छोट्या ब्रुअरींची लाट आली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि त्या हौशींमधून पुढे व्यावसायिक घडले. ब्रुअरींची संख्या नऊ हजारांवर गेली. आता तीही लाट ओसरते आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्यांपेक्षा बंद पडलेल्या छोट्या ब्रुअरी जास्त होत्या. तरुणांचा ओढा फळांच्या स्वादाच्या ‘हार्ड सेल्टझर’कडे आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यार्काच्या बिअरकडे वळला. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी पिण्याची ओढही कमी होते, असे 48 जणांवरील एका छोट्या चाचणीत 2025 मध्ये दिसले.

पण हे चित्र निखळ आनंदाचे नाही. सरासरी घसरली तरी अतिरेकी पिणाऱ्यांचे हाल संपलेले नाहीत. 2019 मध्ये मद्याशी संबंधित सुमारे 79 हजार मृत्यू नोंदले गेले, तर करोनाच्या 2020 मध्ये 99 हजार. शिवाय रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे अमेरिकी आता रोज मद्य घेणाऱ्यांपेक्षा संख्येने अधिक आहेत. एक सवय सुटली म्हणजे आरोग्य आलेच असे नसते.

आपल्यापुरते

कॅलिफोर्नियाची वाइन-संस्कृती नाशिकपर्यंत आली आहे. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले राजीव सामंत तिथली नोकरी सोडून परतले आणि कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या मदतीने 2000 साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. त्यासोबत ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हा समजही आला, आणि तो अमेरिकेत ओसरला तरी आमच्या बाह्यरुग्ण विभागात टिकून आहे. म्हणून चार गोष्टी.

पहिली : पीत नसाल तर हृदयासाठी सुरू करू नका. चालणे, मीठ कमी करणे, तंबाखू सोडणे आणि रक्तदाबाची गोळी नियमित घेणे, यांचा फायदा पक्का आहे.

दुसरी : पेले मोजू नका, मद्यार्क मोजा. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे 14 ग्रॅम मद्यार्क. आपल्याकडची आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअरची 650 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे सुमारे 41 ग्रॅम, जवळजवळ तीन ड्रिंक. व्हिस्कीची एक क्वार्टर म्हणजे चारांहून अधिक. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याचा अर्थ या हिशेबानंतर बदलतो.

तिसरी : गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि झोपेच्या, फिटच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ‘थोडीशी’ हा शब्द विसरा.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : रोज भरपूर पिणाऱ्याने हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा किंवा ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर बोला. औषधांच्या आधाराने काही दिवसांत हा टप्पा सुरक्षितपणे पार होतो. सोबत घरच्या कुणाला तरी घेऊन या.