पाणी राखण्याचा धंदा

दाराशी दर्या, परसात विहीर आणि देवळापुढे तळी असलेल्या माणसाला पैसे भरून पोहावयास जाण्याची कल्पना काहीशी विनोदी वाटते. परंतु उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढणाऱ्या बडोद्यासारख्या शहरात पोहण्याचा तलाव ही चैन राहिलेली नाही. लालबाग आणि सरदारबाग येथील महापालिकेच्या तलावांवर बडोदेकरांच्या कैक पिढ्या पोहणे शिकल्या. आता गृहसंकुले, शाळा आणि हॉटेले यांतूनही असे तलाव झाले आहेत, आणि त्यांची निगा राखण्याचा एक स्वतंत्र धंदाच तेथे उभा राहिला आहे.

बडोद्याला पाण्याची जाण नवी नव्हे. राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव पंधराव्या शतकातील. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा जलाशय बांधून शहराला नळाचे पाणी दिले. पाणी आणणे आणि पाणी राखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्या राज्याने ओळखले होते. आजचा प्रश्न या दुसऱ्या विद्येचा आहे.

पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावते. ते रोज बदलणे शक्य नाही. म्हणून तेच पाणी पंपाने खेचून वाळूच्या गाळणीतून पुन्हापुन्हा फिरवावे लागते. गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, तळ झाडावा लागतो, शेवाळ खरवडावे लागते. पाण्याचा सामू साधारणपणे ७.२ ते ७.८ या मर्यादेत आणि मोकळा क्लोरिन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम असावा लागतो. कडक उन्हात क्लोरिन झपाट्याने उडून जातो. म्हणजे ज्या दिवशी गर्दी अधिक, त्याच दिवशी पाण्याचे रक्षण दुबळे. तलावाला उग्र वास आला की औषध भरपूर घातले आहे, असा लोकांचा समज होतो. वस्तुतः घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाल्याची ती खूण असते. नितळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही.

हा क्लोरिन मिठापासून निघतो, आणि देशातील बहुतांश मीठ गुजरातच्या मिठागरांत पिकते. बडोद्याजवळ रानोली येथे १९७६ पासून कॉस्टिक सोडा व क्लोरिन तयार होत आहे. तेव्हा माल हाताशी आहे. उणीव आहे ती जाणत्या हातांची. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी वायू निघतो, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, अशा पोराच्या हाती डबा देणे हा गुन्हाच होय.

या धंद्याची खरी कमाई उन्हाळ्याच्या चार महिन्यांची. पंप, वीज आणि पगार मात्र बारमाही. त्यात वार्षिक देखभालीचे काम सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला द्यावयाचे, ही आपल्याकडची रूढ रीत. बोली कमी केली की तोटा कोठून तरी भरून काढावा लागतो. मग औषधात काटकसर होते, तपासणीच्या वहीत आकडे अंदाजाने भरले जातात, आणि झाडू मारणाऱ्यालाच जीवरक्षक म्हणून काठावर उभे केले जाते. प्रामाणिक व्यावसायिक या स्पर्धेत मागे पडतो.

स्वस्ताईची किंमत केवढी असू शकते, हे बडोद्याने पाहिले आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी येथील मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती, सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तो तलाव पोहण्याचा नव्हता हे खरे. पण तेथील कारभारही महापालिकेने करारानेच खाजगी हाती सोपविलेला होता. करार झाला म्हणजे जबाबदारी संपली, ही समजूत दोन्हीकडे सारखीच घातक.

गोव्यालाही हा विषय परका नाही. येथील किनाऱ्यांवरील जीवरक्षणाचे काम सरकारने २००८ मध्ये खाजगी संस्थेकडे दिले, आणि हॉटेलांचे तलाव तर गावोगाव झाले आहेत. म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. निविदेत किमतीआधी प्रशिक्षित माणसांची संख्या पाहावी. सफाई कामगार आणि जीवरक्षक हे वेगळे असावेत. पाण्याच्या तपासणीचे रोजचे आकडे फळ्यावर लिहून प्रवेशद्वारापाशी लावावेत; पोरांना पाण्यात सोडणाऱ्या आईबापांना ते वाचता आले पाहिजेत.

आपल्या गावची तळी उपसावयाची वेळ आली की सारा गाव गाळात उतरत असे. तळी आपली, ही भावना त्यामागे होती. आज गाळ उपसणारा पगारी झाला, यात गैर काही नाही. परंतु त्याला पुरेसा मोबदला देणे आणि त्याच्या कामावर नजर ठेवणे, हे गावाचे काम अजून गावाकडेच आहे.