पावसाळ्यानंतरची काजूबी

गणपती झाल्यावर वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या काजू कारखान्यात गेलं, की थप्पी लावलेल्या तागाच्या पोत्यांवर बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशी नावं वाचायला मिळतात. कुंपणापलीकडे मात्र काजूचीच कलमं. दारात पीक असताना बी आफ्रिकेतून का आणायची?

कोकणातली बी मार्च ते मे एवढ्या काळातच मिळते. बॉयलर आणि बायकांची मजुरी मात्र वर्षभर चालू राहायला हवी, आणि इथल्या बीवर ते भागत नाही. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जूनचा. टांझानिया आणि मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथली बी ऑक्टोबरपासून निघते, म्हणजे नेमकी आपली गोदामं रिकामी होत असताना. (ब्राझीलचं हे झाड पोर्तुगिजांनीच गोव्यात नेलं आणि मोझांबिकमध्येही.)

पोती उतरली की आधी नमुना कापून बघतात. बिया चिरून भरलेला पांढरा गर, सुकलेला, किडका, डागी असे ढीग वेगळे करतात आणि तोलतात. 80 किलोच्या पोत्यातून 48 पौंड, म्हणजे जेमतेम 22 किलो गर निघणार असेल तर माल चांगला. दोन पौंडांच्या फरकाने सौदा फिसकटतो.

वाफवून थंड केलेली बी पुढे कापायला जाते. बाई पायाने दांडी दाबते, पात्यांमध्ये टरफल फुटतं आणि गर टोकदार सळईने अलगद बाहेर येतो. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते, म्हणून हाताला आधीच खाद्यतेल किंवा राख चोळलेली असते. दाब किंचित जास्त पडला की अख्ख्या गराची पाकळी होते आणि भाव घसरतो. अख्ख्या गराची प्रत पौंडात किती गर बसतात त्यावर ठरते; 180 चा गर मोठा आणि महाग, 320 चा नेहमीच्या विक्रीतला. हजारो मैलांवरून आलेल्या मालाचा नफा त्या बाईच्या पायाच्या अंदाजावर ठरतो. तिच्या मजुरीत त्या कसबाची किंमत धरली जात नाही, हे मला फार लागतं.

आयव्हरी कोस्ट काजूबीच्या उत्पादनात जगात पहिला, पण त्यातली बरीचशी बी कच्चीच व्हिएतनाम आणि भारताकडे रवाना होते. कारखाने, भांडवल आणि सरावलेले हात आधीपासून इथे होते, शिवाय दिवाळीत काजूकतली खाणारं गिऱ्हाईकही इथलंच. आता तो देश स्वतःचे कारखाने वाढवतो आहे आणि तो त्याचा हक्कच आहे. आपल्याला कच्ची बी पुढे इतकी सहज मिळणार नाही.

बागायतदारांची तक्रार वेगळी आहे. त्यांची बी काट्यावर चढते त्याच वेळी परदेशी माल आला की भाव पडतो. मला त्यांचं म्हणणं पटतं. ऑक्टोबरात येणारी बी कारखाना जगवते. एप्रिलमध्ये येणारी शेजारच्या बागेचा भाव पाडते. कच्च्या काजूवरचं आयात शुल्क महिना बघून ठरायला हवं: मार्च ते मे जास्त, पावसाळ्यानंतर कमी.