फोन रात्री नऊला घरी येतो: वर्गातल्या डिजिटल साधनांबद्दल एका शिक्षकाचे अनुभव

२०२० च्या जून महिन्यात आमच्या सातवीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार झाला. पटावर बेचाळीस मुलं होती, ग्रुपवर सव्वीस नंबर जमले आणि पहिल्या ऑनलाइन तासाला अकरा चेहरे दिसले. उरलेल्यांच्या नावापुढे मी सरळ 'गैरहजर' लिहीत गेलो. महिनाभर असंच चाललं.

टाळेबंदी थोडी सैल झाली तेव्हा मास्क लावून त्या मुलांच्या घरी गेलो. भाईंदर पूर्वेचं इंद्रलोक बाहेरून पाहिलं तर उंच इमारतींचं आहे. पण त्याच परिसरात, नवघरच्या बाजूला, एका खोलीत पाच-सहा माणसं राहणारी घरं आहेत. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणारे, रिक्षा चालवणारे, सोसायट्यांत वॉचमन म्हणून उभे राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, हे माझ्या विद्यार्थ्यांचे पालक. एका मुलाने दारातच सांगितलं, "सर, फोन पप्पांबरोबर ड्युटीला जातो. रात्री नऊला घरी येतो." दुसऱ्या घरात मुलगी म्हणाली, "दादा दहावीला आहे ना सर, म्हणून फोन त्याच्याकडे." ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. तिला ते बरोबरच वाटत होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणजे मुलं गैरहजर नव्हतीच. माझा वर्गच त्यांच्या घरापर्यंत पोहोचत नव्हता. शाळेत डिजिटल साधनं वापरण्याबद्दल मी जे काही शिकलो, त्याची सुरुवात या एका चुकीपासून झाली. आपल्या वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी ते इथे मांडतो आहे.

आकडे काय सांगतात?

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार २०१८ मध्ये देशातल्या शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हेच प्रमाण ६१.८ टक्के झालं. वाढ मोठी आहे. पण घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातात असला तरी त्याचं काय होतं, हा पुढचा प्रश्न. 'असर २०२४' मध्ये १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना मागच्या आठवड्याबद्दल विचारलं गेलं. ५७ टक्के मुलांनी अभ्यासासाठी फोन वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुलं ७६ टक्के होती. हे आकडे खेड्यांतले आहेत, पण आमच्या वस्तीतलं चित्र फार वेगळं नाही.

गंमत अशी की त्या काळात आमच्या वर्गातल्या जास्त मुलांपर्यंत जुनं साधन पोहोचलं. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. टीव्ही बापाबरोबर ड्युटीला जात नाही. नवीन साधन तेच चांगलं, हा माझा समज तिथे मोडला.

क्यूआर कोड म्हणजे फक्त पत्ता

डिजिटल शिक्षणाचं नाव निघालं की महाराष्ट्रात रणजितसिंह डिसले यांची आठवण होते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ मध्ये ते रुजू झाले. अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं वेगळ्याच भाषेत. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले, मुलांना समजेल अशा भाषेत मजकूर आणला आणि मग पुस्तकात क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. पुढे राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत हे कोड आणले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

बातम्यांमध्ये क्यूआर कोड गाजला. मला मात्र त्यांचं कन्नड शिकणं जास्त मोलाचं वाटतं. मूल कुठे अडतं आहे हे त्यांनी आधी पाहिलं, साधन नंतर आलं. कोडमध्ये ज्ञान नसतं, तिथे फक्त पत्ता असतो. १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो तयार केला. तीन कोपऱ्यांतले चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात, मधल्या ठिपक्यांत पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यावर आपण काय ठेवतो आणि मूल तिथे पोहोचू शकतं का, हे शिक्षकाचं काम.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं उदाहरण शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याचं. संदीप गुंड या शिक्षकांमुळे आदिवासी पाड्यावरची ही जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. साधनं फक्त इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळांची नाहीत, हे या दोन्ही शाळांनी दाखवून दिलं.

वर्गात मी काय करतो?

शाळा पुन्हा भरल्यावर मी काही नियम स्वतःला घालून घेतले.

पहिला नियम, घरच्या फोनवर अवलंबून असलेला गृहपाठ द्यायचा नाही. सरकारच्या 'दीक्षा' अ‍ॅपमधले धडे मी रात्री माझ्या फोनवर डाउनलोड करून ठेवतो. एकदा उतरवले की इंटरनेट नसतानाही ते चालतात. पुस्तकातला कोड स्कॅन झाला नाही तर त्याखालची सहा अक्षरं टाइप करूनही धडा उघडतो. हे अनेक पालकांनाच काय, काही शिक्षकांनाही माहीत नसतं.

दुसरा नियम, व्हिडिओ चार-पाच मिनिटांचाच आणि मध्ये थांबवायचा. सुरुवातीला मी पूर्ण व्हिडिओ लावून मागे उभा राहायचो. वर्ग एकदम शांत असायचा आणि मला वाटायचं, मुलं शिकत आहेत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणालाच काही सांगता यायचं नाही. आता ज्वालामुखीचा व्हिडिओ लावला तर लाव्हा बाहेर येण्याआधी थांबवतो आणि विचारतो, "आता काय होईल? का?" चूक उत्तरंही फळ्यावर लिहितो. मग पुढचा भाग. आपलं उत्तर बरोबर निघतं का, हे पाहण्यासाठी मुलं डोळे लावून बसतात.

तिसरा नियम, चौघांच्या गटात एक फोन आणि दर दहा मिनिटांनी हात बदलायचा. हा नियम नसला की फोन मुलग्यांकडेच राहतो, मुली बाजूने बघत बसतात. हे मी स्वतः पाहिलं आहे.

तिघांची एकच आई

गेल्या वर्षी 'माझी आई' हा निबंध दिला होता. तीन वह्यांत एकच आई निघाली. ती सकाळी बागेतल्या फुलांना पाणी घालायची आणि मुलांना गोष्टी सांगून झोपवायची. एआयने लिहून दिलेली आई! त्या तिघांच्याही घराला बाग नाही.

मी रागावलो नाही. तिघांना समोर बसवलं आणि म्हणालो, "ही कोणाची आई आहे?" एक मुलगा हसला. एक मुलगी गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने नवा निबंध आणला. चार घरची कामं करून आलेली आई पाय पाण्यात घालून बसते आणि 'आज शाळेत काय शिकवलं?' असं विचारते. शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या. तो निबंध मी वर्गात वाचून दाखवला.

आपल्या समाजाने आपलं जगणं आपल्या शब्दांत लिहिलं, म्हणून दलित साहित्य उभं राहिलं. आमच्या मुलांची आई यंत्राने लिहायला लागली तर ती आई कागदावर येणारच नाही. एआयला बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. अवघड शब्द समजून घ्यायला, इंग्रजी वाक्य सुधारायला ते जरूर वापरा. पण पहिला मसुदा मुलाचाच हवा.

अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे वेळ ठरवली. फोन रात्री नऊला येत असेल, तर आपली मदतही नऊनंतर मिळायला हवी. विहारात एक जुना टॅब, एक वायफाय आणि दोन तास बसणारा एक तरुण एवढ्यावरही सुरुवात होते.

मुलांना शोधायला शिकवा तसं तपासायलाही शिकवा. बाबासाहेबांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाक्यं फिरतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले आहेत आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतात. वाक्य त्यात सापडतं का, हे मुलांनाच शोधू द्या. डिजिटल साक्षरतेचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आणि मुलांचे फोटो, नंबर, शाळेची नावं टाकताना जपा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. फुकट अ‍ॅपवर मुलाचं नाव नोंदवण्याआधी ते अ‍ॅप काय काय मागतं, हे एकदा वाचून घ्या.

ती 'दादाकडे फोन आहे' म्हणणारी मुलगी आता बारावीला आहे. रविवारी विहाराच्या अभ्यासिकेत लहान मुलांना शिकवायला येते. गटात फोन फिरवताना ती पहिल्यांदा मुलीच्या हातात देते. हे तिला मी शिकवलेलं नाही.

जय भीम!