बर्फावरची उमेदवारी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात वॉटरलू नावाचे एक मध्यम वस्तीचे गाव आहे. तेथील रिंकवर दर हिवाळ्यात सोळा ते वीस वर्षांची मुले बर्फावरची हॉकी खेळतात. त्यांतील बहुतेकांची घरे शेकडो मैल दूर असतात. गावातल्याच एखाद्या कुटुंबात ती राहतात, तेथल्या शाळेत उरलेले शिक्षण पुरे करतात आणि शाळा संपल्यावरही वर्ष-दोन वर्षे महाविद्यालयात न जाता खेळत राहतात. आपल्याकडचा पालक याला वर्ष वाया घालवणे म्हणेल; तेथे ती रूढ वाट आहे.

या वाटेला ज्युनिअर हॉकी म्हणतात. बास्केटबॉल खेळणारा अमेरिकन मुलगा बहुधा अठराव्या वर्षी शाळेतून थेट महाविद्यालयाच्या संघात जातो. बर्फावरच्या हॉकीत ते सहसा जमत नाही, कारण समोर बावीस-तेवीस वर्षांचे भरलेल्या अंगाचे खेळाडू असतात आणि धडक मारणे हा या खेळाचा नियमसंमत भाग आहे. म्हणून प्रशिक्षक मुलाला सांगतो, अजून एक वर्ष थांब. हे थांबणे जेथे घडते, त्यांत युनायटेड स्टेट्स हॉकी लीग अग्रगण्य आहे. 1979 पासून ती पूर्णतः ज्युनिअर खेळाडूंची लीग झाली. तेथे एका मोसमात साठच्या वर सामने होतात. महाविद्यालयात चाळिसाच्या आतबाहेर, तेही मुख्यतः शुक्रवारी आणि शनिवारी. रात्रभराचा बसप्रवास, परक्या घरातील शिस्त, आणि आपल्या गावात पहिल्या क्रमांकाचा ठरलेल्या मुलाला येथे चौथ्या फळीत बसावे लागणे, हे सारे त्या शिक्षणात येते. माझ्या मते यांतील शेवटचा धडा सर्वांत मोलाचा आहे.

सीमेपलीकडे कॅनडात तीन मोठ्या ज्युनिअर लीग आहेत. त्या खेळाडूंना अल्पसा हातखर्च देतात आणि तेथील काही मुलांनी व्यावसायिक क्लबांशी करारही केलेले असतात. एवढ्यावरून अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्या लीगमधील सर्वांनाच व्यावसायिक ठरवले होते. तेथे एकदा खेळलेल्या मुलाला अमेरिकन महाविद्यालयाच्या संघाचे दार जवळजवळ बंदच होई. सोळाव्या वर्षी, बीजगणिताची परीक्षाही पुरती झालेली नसताना, मुलाने हा निर्णय घ्यायचा आणि तो बदलायचा नाही! वस्तुतः आयोवातल्या मुलाचाही राहण्या-खाण्याचा आणि साहित्याचा खर्च त्याचा संघच करी. पण तो हौशी आणि हातखर्च घेणारा व्यावसायिक. 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा या भेदाचा उरलासुरला आधारही गेला.

ऑगस्ट 2024 मध्ये या नियमाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एनसीएएने नियम मागे घेतला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून दार उघडले. त्या उन्हाळ्यात मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मॅकेना, कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतील त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. निर्णय न्याय्य होता, यात शंका नाही.

तथापि, दार रुंद झाले तरी आतल्या खुर्च्या तेवढ्याच आहेत. पहिल्या श्रेणीत हॉकीचा संघ असलेली महाविद्यालये साठाहून थोडीच अधिक आहेत. कॅनडातून एकोणीस-वीस वर्षांचे, शेकडो सामने खेळून तयार झालेले खेळाडू आता तेथे येणार. मग वॉटरलूच्या तिसऱ्या-चौथ्या फळीतील मुलाने कोठे जायचे? त्याच्यासाठी शिष्यवृत्ती न देणारी तिसऱ्या श्रेणीची महाविद्यालये आहेत. ज्युनिअर हॉकीच्या खालच्या थरात तर मुलांकडूनच हजारो डॉलर फी घेणाऱ्या लीगही आहेत. महाविद्यालयाच्या आशेवर आईबापांनी आणखी एक हिवाळा विकत घ्यावा, हा तेथील व्यवहार.

माझा आक्षेप प्रतीक्षेला नाही, ती तोंडी असण्याला आहे. प्रशिक्षकाचे सुरुवातीचे आश्वासन केवळ शब्द असते आणि ते कोणालाही बांधून ठेवत नाही. त्याच शब्दावर मुलगा अभ्यासक्रम पुढे ढकलतो. दरम्यान प्रशिक्षक बदलतो किंवा कॅनडातून अधिक चांगला खेळाडू मिळतो आणि शब्द विरून जातो. जे महाविद्यालय मुलाला वर्षभर थांबण्यास सांगते, त्याने त्याची जागा कोणत्या वर्षासाठी राखली आहे हे तेव्हाच लेखी द्यावे. कारकुनाच्या बदलीचा हुकूमदेखील कागदावर निघतो.

ज्युनिअर हॉकीची वयोमर्यादा विसाव्या वर्षाच्या मोसमाशी संपते. त्या वसंतात ज्याला कोणाचेच पत्र आलेले नसते, त्याला ज्या घराने दोन हिवाळे सांभाळले त्यांचा निरोप घेऊन आपल्या गावी परतावे लागते. त्याचे शाळासोबती तेव्हा पदवीच्या तिसऱ्या वर्षाची पुस्तके घेत असतात.