वैमानिकाचा परवाना आणि त्यापुढील वाट

जालना रस्त्यानें शेंद्र्याकडे जातांना चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या कन्येनें गेल्या उन्हाळ्यांत, बारावीचा निकाल हातीं येतांच, "मी वैमानिक होणार" असें सर्वांसमक्ष सांगितलें. आजोबा कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग म्हणाले, "त्र्याण्णव सालचें विसरलांत वाटतें!"

२६ एप्रिल १९९३ रोजीं याच विमानतळावरून उडालेलें इंडियन एअरलाइन्सचें विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावर कापसाच्या गासड्यांनीं भरलेल्या मालमोटारीस धडकलें. ११८ जणांपैकीं ५५ जण प्राणांस मुकले. तेव्हां आजोबांची धास्ती अनाठायीं म्हणवत नाहीं. परंतु या व्यवसायांत पालकांनीं ज्याची धास्ती घ्यावी तें संकट निराळें आहे, आणि त्याविषयीं घरांत क्वचितच बोललें जातें.

आजीबाईंचा प्रश्न अर्थातच वेगळा होता: मुलींना हें काम देतात का? हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें प्रेम माथुर या महिलेस फार पूर्वींच वैमानिक म्हणून घेतलें होतें. पुढें १९८५ सालीं कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनीं केवळ स्त्रियांचा चमू घेऊन कलकत्त्याहून सिल्चरला प्रवासी विमान नेलें. त्या प्रश्नाचा निकाल केव्हांच लागलेला आहे.

आतां वाटेविषयीं. कोणत्याही शाळेस एक रुपयाही देण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ती दोन पायऱ्यांची असते, आणि व्यापारी परवान्यास पहिल्या वर्गाचें प्रमाणपत्र लागतें. रंग ओळखण्यांतील दोषासारखी गोष्ट आधीं कळलेली बरी. पैसे भरल्यावर कळली तर हळहळ तेवढी उरते. त्यानंतर विमानमार्गदर्शन, हवामानशास्त्र, विमानविषयक नियम व यंत्रज्ञान यांच्या लेखी परीक्षा, रेडिओवरील संभाषणाची परीक्षा आणि २०० तासांचें उड्डाण. पैकीं १०० तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. आपल्या प्रांतांत गोंदिया व बारामती येथें या शिक्षणाची सोय आहे. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथें सरकारची अकादमी आहे. ऋतुमानानें उड्डाणें अडतात, विमानें दुरुस्तीस जातात, आणि वर्षाचें काम दोन वर्षें चालतें.

परवाना हातीं आला म्हणजे नोकरी आली, ही समजूत मात्र घातक होय. २०० तासांच्या वैमानिकास एअरबस किंवा बोइंग चालवितां येत नाहीं. त्या जातीच्या विमानाचें स्वतंत्र शिक्षण कृत्रिम कक्षांत घ्यावें लागतें, आणि त्याचा खर्च पुष्कळदां उमेदवारावरच पडतो. कांहीं मोठ्या कंपन्या आरंभापासूनच आपले उमेदवार निवडतात. ती वाट अधिक सरळ, परंतु खर्च कोटीच्या घरांत. स्वतंत्रपणें शिकणाऱ्यासही अर्धा कोटी तयार ठेवावा लागतो. कित्येकजण मधल्या काळांत उड्डाणशाळेंतच शिक्षक होतात. तासांची शिल्लक वाढते आणि चार पैसेही मिळतात. आम्हांस ही वाट शहाणपणाची वाटते, जरी तरुणांना ती कमीपणाची वाटते. पुढें सहवैमानिक, आणि १५०० तासांनंतर वरिष्ठ परवान्याची पात्रता; कप्तानाची खुर्ची त्याहूनही लांब.

शिवाय कंपन्याही बुडतात. किंगफिशर २०१२ सालीं थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्यें, गो फर्स्ट मे २०२३ मध्यें. प्रत्येक वेळीं हजारों तासांचे अनुभवी वैमानिक एकदम बाजारांत आले, आणि त्यांच्या मागें उभ्या राहिलेल्या नवशिक्यांना कोण विचारणार?

हें सारें आम्हीं त्या कुटुंबास सांगितलें तेव्हां आजोबांनीं कागद पेन्सिल मागविली. पन्नास लाखांचें कर्ज, दहा टक्के व्याज धरलें, तर वर्षाचें नुसतें व्याज पांच लाख. म्हणजे महिन्याला सुमारें बेचाळीस हजार. परवान्यानंतर दोन वर्षें नोकरी न मिळाल्यास दहा लाख. त्यांनीं चष्मा काढून मुलाकडे पाहिलें आणि विचारलें, "एवढें दोन वर्षें निभेल का, तेवढें सांग. त्र्याण्णव सालचें मी काढणार नाहीं."

मुलीनें दुसऱ्या दिवशीं तपासणीची वेळ ठरवून घेतली. बँकेंत कोणी जायचें, याचा निर्णय तपासणीच्या निकालानंतर व्हावयाचा आहे.