पिवळा पट्टा आणि पान्याची जागा

शिफ्ट बदलायची वेळ. मेन्टेनन्सच्या टेबलामागे भिंतीवर एक निळा फळा आहे. त्यावर प्रत्येक हत्याराची पिवळी आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेले. रिंग पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, शेजारी ॲलन कीचा संच, हातोडी, बेअरिंग पुलर, फीलर गेज. घरी निघालेला फिटर एकदा नजर फिरवतो. १८-१९ च्या पान्याची जागा उघडी, पिवळीधमक दिसते. त्या हुकाला पितळी बिल्ला अडकवलेला आहे आणि बिल्ल्यावरच्या नंबरावरून पाना कोणाकडे आहे ते कळते. यादी काढावी लागत नाही, कोणाला हाक मारावी लागत नाही.

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हा शॅडो बोर्ड आता परिचयाचा झाला आहे. त्याच्या जोडीला असतात जमिनीवरचे पट्टे. गँगवेच्या, म्हणजे ये-जा करण्याच्या मार्गाच्या, दोन्ही कडांना पिवळा, रिजेक्शनच्या जागेभोवती लाल, तयार मालाभोवती हिरवा, धोक्याच्या कडेला काळे-पिवळे तिरपे पट्टे. बाहेरच्या माणसाला ही ऑडिटपुरती रंगरंगोटी वाटते. कित्येक ठिकाणी ती तेवढीच असते, हेही खरे. पण मनापासून केलेली आखणी अपघात टाळते, शोधाशोध वाचवते आणि चूक झाल्याबरोबर सर्वांच्या नजरेला आणते.

खडूच्या वर्तुळापासून

या शिस्तीची आजची घडण युद्धोत्तर जपानमधली. टोयोटाची उत्पादनपद्धती घडवणारे ताइची ओनो (१९१२–१९९०) यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. ते शॉप फ्लोअरवर खडूने वर्तुळ काढत, इंजिनिअरला त्यात उभे करत आणि तासन्‌तास समोरचे काम बघायला लावत. जागा आखून दिली की नजर स्थिर होते, हा त्यामागचा विचार. आखलेल्या जागेचा असाच उपयोग कानबान चौकोनात होतो. दोन मशीनच्या मध्ये जमिनीवर चौकोन आखायचा. त्यात माल असेल तर मागच्याने थांबायचे, चौकोन रिकामा झाला की पुढचा नग बनवायचा. ना फोन, ना कागद. रिकामी जमीनच ऑर्डर देते.

पुढे याला ‘फाइव्ह एस’ अशी पाच पायऱ्यांची शिस्त मिळाली. सेइरी म्हणजे नको ते काढणे, सेइतोन म्हणजे हवे ते जागेवर लावणे, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सु म्हणजे या तिन्हींचा ठरलेला नियम आणि शित्सुके म्हणजे तो अंगवळणी पडणे. हिरोयुकी हिरानो यांच्या पुस्तकांनी ती जगभर नेली. भारतात वाहन उद्योगाने तिला हात दिला. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि सुझुकीसोबत जपानी कामाची रीतही आली. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर सुट्या भागांच्या पुरवठादारांकडे जाऊ लागले, तसे लहान वर्कशॉपमध्येही पट्टे उमटले.

कायद्याचा आधार त्याहून जुना. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमात जमीन, जिने आणि ये-जा करण्याचे मार्ग पक्के, सुस्थितीत आणि अडथळ्यांविना ठेवण्याची जबाबदारी घातली होती. अमेरिकेच्या ‘ओशा’ या सुरक्षा यंत्रणेने १९७२ मध्ये खुलासा केला की पट्टा २ ते ६ इंच रुंद असावा आणि गँगवे तिथून जाणाऱ्या सर्वांत रुंद वाहनापेक्षा निदान ३ फूट अधिक रुंद असावा. फोर्कलिफ्टचा मागचा भाग वळताना बाहेर फेकला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या ३ फुटांची किंमत सांगावी लागत नाही. आपल्याकडे वीज सुरक्षेचे नियम स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर जागा मोकळी मागतात. पॅनेलसमोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा चौकोन असला की तो मीटर जमिनीवर दिसतो. नसला तर आठवड्याभरात तिथे खोकी चढतात.

रंगाआधीची कामे

पट्टा मारणे सोपे दिसते, पण तो टिकवणे कौशल्याचे काम आहे. दोन महिन्यांत सोलून निघालेल्या पट्ट्याचे कारण बहुधा रंगाच्या खाली असते. वर्षानुवर्षे कूलंट आणि तेल प्यालेल्या कोब्यावर रंग धरत नाही. म्हणून जाणता रंगारी आधी जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून बघतो. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल किंवा जुना थर शिल्लक आहे. पाणी जिरले तर जमीन तयार. पावसाळ्यात दुसरी परीक्षा लागते. सुमारे दीड फुटी प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दमट झाला तर खालून ओल वर येते आहे. अशा जमिनीवर इपॉक्सी रंग मारला की फोड येणारच.

मग ग्राइंडर फिरवून वरचा कच्चा थर काढायचा, धूळ व्हॅक्यूमने ओढायची, दोरीने रेष धरायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात. इपॉक्सीचा बेस आणि हार्डनर एकत्र झाले की घड्याळ सुरू होते. डब्यातला माल घट्ट व्हायच्या आत तो जमिनीवर गेला पाहिजे. रंगाचा नंबरही पक्का धरायचा. भारतीय मानक आयएस ५ मधला गोल्डन यलो ३५६ आणि सिग्नल रेड ५३७ असे नंबर ठरवले की पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत पिवळ्याच्या तीन छटा होत नाहीत. पायांनी चालता येते म्हणून लगेच फोर्कलिफ्ट सोडू नये. तिची चाके जागच्या जागी वळतात आणि कोवळा रंग उपसून काढतात.

शॅडो बोर्डालाही अशीच समज लागते. हत्यारे आकाराने शोभतील तशी नाही, कामाच्या क्रमाने लावायची. रोजची हाताशी, जड हत्यारे कमरेच्या उंचीवर, खांद्याच्या वर वजनदार काहीच नको. ड्रॉवरमध्ये दोनरंगी फोम बसवतात. वरचा काळा थर हत्याराच्या आकारात कापला की खालचा लाल उघडा पडतो आणि हत्यार नसेल तर तो लाल डोळ्यांत भरतो. विमानांच्या देखभालीत या पद्धतीवर प्राण अवलंबून असतात. तिथे हरवलेला पाना इंजिनात राहिलेला असू शकतो. सगळी हत्यारे जागेवर आल्याची खात्री होईपर्यंत काम संपले असे म्हणता येत नाही.

आधी ठरवा, मग रंगवा

पाच पायऱ्यांत ‘काढणे’ पहिले आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. मार्ग साधा आहे. वापरात नसलेल्या प्रत्येक वस्तूला तारखेचा लाल टॅग लावायचा आणि ती एका ठरलेल्या जागी ठेवायची. मुदतीत कोणी मागितली नाही तर ती दुसऱ्या विभागाला, स्टोअरला नाहीतर भंगारात. पण टॅग लावताना प्रश्न निघतात. ही बंद मॉडेलची डाय कोणाची? हा व्हाइस दोघांना लागतो, तर राहणार कोणाकडे? ट्रॉली आत येताना कुठून वळते? या प्रश्नांची उत्तरे मशीनवर उभ्या असलेल्या माणसाकडे असतात. त्याला न विचारता केबिनमधल्या ड्रॉइंगवरून आखलेला पट्टा पहिल्याच आठवड्यात ओलांडला जातो, कारण काम त्या रेषेतून जातच नसते. मग नोटीस लागते, दंडाची भाषा होते, आणि बेशिस्तीचा ठपका चुकीच्या माणसावर बसतो.

दुसरी चूक म्हणजे जुने पट्टे तसेच ठेवणे. मशीन हलले, लेआउट बदलला, तरी जमिनीवर जुनी रेष शिल्लक. एकदा का एक रेष खोटी ठरली की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो, त्यात अग्निशामक सिलिंडरसमोरची रेषही आली. म्हणून नव्या आखणीच्या खर्चात जुनी खरवडून काढण्याचा खर्च पहिल्या दिवशीच धरायला हवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, रेष सर्वांना सारखी असावी. कामावर नुकता लागलेला हेल्पर जेव्हा प्लांट हेडला म्हणू शकतो, “साहेब, तुमची पॅलेट गँगवेत आली आहे,” आणि साहेब ती मुकाट्याने हलवायला लावतात, तेव्हा त्या कारखान्यात शित्सुके आली असे समजावे. एरवी ज्याला बोलण्याचा अधिकार नसतो त्याला तो अधिकार ही दोन-चार इंचांची रेष देते. तेवढ्यासाठी तरी ती नीट विचार करून, विचारून आणि टिकेल अशी मारली पाहिजे.