लाकडी कुंपण पावसाआधी: टोकं बंद करा, बुंधा सांभाळा, ओल्या लाकडाला रंग नको



तार शाबूत आणि खांब जमिनीलगत मोडलेला, हे आपल्या कोकणात दर पावसाळ्यात दिसतं. नेमकी तेव्हा भाताची लावणी झालेली असते, काजूची नवी कलमं उभी असतात, आणि त्याच जागेतून गुरं नाहीतर रानडुकरं आत शिरतात. भर पावसात खांब बदलणं कठीण आणि ओल्या लाकडाला औषध लावणं फुकट. म्हणून हे काम मृग लागायच्या आत उरकायचं.

*लाकूड कुजतं कशाने?*
नुसत्या पाण्याने नाही, तर ओलीवर वाढणाऱ्या बुरशीने. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिली तर ही बुरशी वाढत नाही. पण पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा ८५-९० टक्के असतो. अशा हवेत पडवीत ठेवलेलं लाकूडसुद्धा १८-२० टक्क्यांपर्यंत ओल धरतं. मग उघड्यावरच्या खांबाला हद्द ओलांडायला कितीसं पाणी लागणार? त्यामुळे दोन गोष्टी सांभाळायच्या: पाणी आत कमी जावं, आणि गेलेलं बाहेर पडावं.

*खांब जमिनीलगतच का मोडतो?*
खोल मातीत हवा कमी असते. वरचा भाग वाऱ्याने वाळतो. जमिनीच्या रेषेवर मात्र ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे बुरशीची चैन होते. दुसरी कमजोर जागा म्हणजे वरचं कापलेलं टोक. लाकडातल्या बारीक नळ्या उभ्या असतात, म्हणून टोक हे बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं.

*ऑइल पेंट मारला तरी खांब का गेला?*
लाकूड ओलं असताना जाड रंग किंवा डांबर लावलं की आतली ओल अडकते. उन्हात फुगे येतात, थर तडकतो, त्या भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून चकचकीत, आतून भुसा!

*काय करायचं, क्रमाने:*

*१) लाकूड बघून घ्या.* साग, ऐन, खैर यांचा आतला गडद गाभा टिकतो. बाहेरचा फिकट भाग सागाचा असला तरी लवकर कुजतो. साल पूर्ण काढा, तिच्याखाली ओल आणि कीड राहते.

*२) वाळलंय का ते काट्यावर तपासा.* खांब जमिनीपासून उचलून, मध्ये फटी ठेवून, सावलीत रचा. त्यातल्या एकावर खूण करून दर आठवड्याला त्याचं वजन करा. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही, की आपल्या हवेत तो वाळायचा तेवढा वाळला. जुन्या खांबावर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मुरला तर तेल मुरेल. तसाच वर उभा राहिला तर जुना थर पॉलिश पेपरने घासून काढा.

*३) वरचं टोक तिरकं कापा,* म्हणजे पाणी ओघळून जाईल. टोकाला दोन-तीन हात द्या. जमलं तर पत्र्याचं टोपण ठोका. खिळ्यांची भोकं, खाचा आणि नंतर कापलेली प्रत्येक जागा पुन्हा भिजवून घ्या.

*४) बुंध्याला पट्टा द्या.* जमिनीखाली ३० सेंटिमीटर ते जमिनीवर १५ सेंटिमीटर, एवढा भाग महत्त्वाचा. जमिनीच्या संपर्कासाठी चालेल असं डब्यावर लिहिलेलं वुड प्रिझर्व्हेटिव्हच घ्या. कारखान्यात दाबाखाली औषध भरलेला खांब मिळाला तर तो सगळ्यात चांगला, पण त्याचे तुकडे चुलीत घालू नका, धूर विषारी असतो.

काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे होड्यांना आणि लाकडाला पूर्वीपासून लावतात. ते खांबालाही चालतं. पण ओला काजू सोलताना ज्याने हात भाजतात तेच हे तेल. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका.

*५) खड्ड्याच्या तळाशी १०-१५ सेंटिमीटर खडी घाला.* तळ बंद असलेल्या काँक्रीटच्या वाटीत खांब उभा केला तर पाणी तिथेच साचतं. खांबाभोवतीची माती दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

*६) बाजूंना आत मुरणारा, बाहेरच्या वापराचा वुड स्टेन लावा.* रंगद्रव्य असलेला घ्या. पारदर्शक थरातून ऊन आत जातं आणि लाकूड राखाडी पडून फाटतं. दोन पातळ हात पुरेत, न मुरलेला स्टेन फडक्याने पुसून घ्या. सकाळी दव उडाल्यावर, लाकूड तापायच्या आत काम करा. वळवाचं वातावरण असेल तर थांबा.

नुसतं बेलतेल लावून सोडू नका. आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते आणि वाळवीही थांबत नाही.

*आगीचा धोका!* बेलतेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर ते आपोआप तापून पेट घेतात. गवताच्या उडवीजवळ किंवा मांगरात टाकू नका. पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

*जळकं ऑइल नको.* स्वस्त पडतं म्हणून गाडीचं जळकं ऑइल लावलं जातं. त्यात इंजिन झिजून आलेले धातू असतात. पहिल्या पावसात ते मातीत आणि तिथून विहिरीच्या पाण्यात जाऊ शकतं. सेंद्रिय नोंदणी असलेल्या सभासदांनी तर कोणतंही लाकूड-औषध आणण्याआधी कंपनीत विचारावं.

*कृषी पर्यटनवाल्यांसाठी:* डेकच्या फळ्या बसवण्याआधी चारही बाजूंनी आणि टोकांना स्टेन द्या. बसवल्यावर खालची बाजू हाताला लागत नाही आणि ओल तिथूनच चढते. दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट ठेवा, डेकखाली वारा खेळू द्या. घरातलं व्हार्निश बाहेर चालत नाही, एका पावसात सोलतं.

*खर्च कुठे वाचवायचा?* गेटचे, कोपऱ्याचे आणि ताण घेणारे खांब नीट औषध लावून बसवा. मधल्या जागी पाऊस सुरू झाल्यावर गिरीपुष्पाच्या जाड फांद्या रोवा. जिवंत खांब कुजत नाही, वर पालापाचोळ्याचं खतही मिळतं.

*पाऊस गेल्यावर* दिवाळीच्या सुमारास प्रत्येक खांबाच्या बुंध्याची थोडी माती उकरून स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तो खांब पुढच्या पावसाआधी बदलायचा, आत्ताच खूण करून ठेवा.

तुमच्या खांबाच्या बुंध्याचा आणि टोकाचा जवळून काढलेला फोटो याच नंबरवर पाठवा. कोणता खांब ठेवायचा, कोणता काढायचा ते बघून सांगतो. शेजारच्या सभासदालाही हा मेसेज पुढे पाठवा. एका कुंपणातून शिरलेली गुरं दोघांचंही पीक खातात.


तुमचा कृषी सल्लागार